अनंतरावांची भनपुरीवर स्वारी आणि तामड्याचा कबजा

सकल कच्च्या दगडांस साक्ष ठेवून, आणि ज्या काचा दगडांच्या नावे खपल्या त्यांसही साक्ष ठेवून, रायपूर शहरी घडले ते वर्तमान येथे लिहिले जाते. ऐकणाराने हसू नये. हसू आवरत नसेल तर तोंडावर रुमाल धरावा, कारण ज्यांच्यावर हा प्रसंग गुदरला ते हयात आहेत आणि स्वभावे फार हळवे आहेत.

प्रसंगाचे मूळ एका खलित्यात. अमरावतीहून राजेश्री यज्ञेश्वरपंत, जे अनंतरावांचे बालमित्र आणि जन्माचे खोडकर, त्यांनी लिहिले की नागपुरी लग्नाच्या पंगतीत आपण सर्वांदेखत बोललात की मी कच्चा दगड आणून स्वहस्ते खडा घडवितो. आपण उभ्या आयुष्यात फुशारकी मारली ती ही एकच. सबब एक खडा धाडावा, अगर बोलणे मागे घ्यावे. अनंतरावांनी खलिता वाचला, घडी घातली, ग्रंथात ठेवला आणि उत्तर दिले नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, संक्रांतीचा तिळगूळ टपालाने आला, तरी उत्तर नाही.

कारण ऐसे की खडा नव्हताच. अनंतराव रेल्वेच्या दप्तरातून निवृत्त होऊन ग्रंथवाचनात रमले होते, आणि मागल्या गॅलरीत जुन्या कूलरची मोटार फळीवर ठोकून तिला घासण्याचे चाक जोडले होते, हाच काय तो तोफखाना. रीत ऐसी की दगड तापविलेल्या लाखेने काडीवर चिकटवावा आणि मग चाकावर धरून घुमटासारखा गोल करावा. परंतु जो दगड काडीवर चढे तो फुटे. मग अनंतरावांच्या मनास एकच किडा लागला, की दगड खोटा की आपला हात खोटा? याचा निवाडा अस्सल दगडावाचून होणार नव्हता, आणि अस्सल दगड बाजारातून उचलून आणणे हे कर्म अनंतरावांच्या भिडस्त प्रकृतीस डोंगराएवढे होते.

पहिली स्वारी सदर बाजारावर जाहली. तेथील एका पेढीचा मालक, ज्याच्या हातांत बोटे कमी आणि अंगठ्या जास्त, त्याने माल दाखविण्याआधी राशी विचारली. अनंतरावांनी अर्ज केला की राशीशी कर्तव्य नाही, घासण्यास कच्चा माल हवा. तेव्हा मालकाने ऐसे पाहिले की जैसे कोणी मिठाईवाल्याकडे येऊन ऊस मागावा. मग चहा आला. चहा पोटात गेला म्हणजे अनंतरावांच्या पायांत बेडी पडे, की ज्याचा चहा प्यालो त्याच्या दारातून रिकाम्या हाते निघावे कैसे! मग काचेच्या वाडग्यात पाण्यात बुडवून ठेविलेले दगड, डोळे दिपतील ऐसे, मूठभर घेऊन स्वारी परतली. घरी वर्तमानपत्रावर ते सुकले आणि एकेकाच्या अंगावर चिरा उमटल्या, आणि लाखेची ऊब लागताच फौज फुटली.

पाणी चिरेत भरते आणि दगड निर्मळ भासतो, ही गोष्ट अनंतरावांस ग्रंथांतून पूर्वीच ठाऊक होती. ठाऊक असून उपयोग काय? "जरा पुसून दाखवा" इतके शब्द दुकानदारास बोलणे त्यांच्या जिभेस साधले नाही. यावर सौभाग्यवती इंदूबाईसाहेबांनी स्वयंपाकघरातून शेरा मारला तो ऐसा: "अहो, तुमाले कपभर चहा पाजून कोणीबी हे घर लिहून घेईन!"

दुसऱ्या स्वारीत सेनापतिपद साडू यशवंतराव यांनी आपण होऊन घेतले. हे गृहस्थ पुलांचे इंजिनिअर होते, आणि पृथ्वीवर ऐसी वस्तू नव्हती की जी त्यांस अगोदरच ठाऊक नसावी. "काहून घाबरून राहिले, साडूभाऊ? मी आहो ना!" ऐसे अभय देऊन त्यांनी मोटारगाडी नव्या रायपुरावर घातली. तेथील रस्ते ऐसे रुंद की दोन फौजा एकमेकींस न दिसता निघून जाव्या, आणि रस्ता पुसावा तर माणूस नाही. एकाच चौकास वारंवार प्रदक्षिणा घालून अखेर रत्नमेळ्याचा तंबू सापडला. आत कपाळभर टिळ्याचा एक विक्रेता लॅपटॉपवर लोकांचे भविष्य काढीत होता आणि भविष्याबरोबर दगड तोलून देत होता. यशवंतरावांनी एक लाल धोंडा उचलून सूर्याकडे धरला, एक डोळा मिटला, आणि हुकूम फर्माविला की हे माणिक आहे, बांधा. चाकावर धरताच माणकाचे पाणी लाल वाहिले आणि धोंडा पांढरा निघाला. मोरी लाल, इंदूबाईंचे पायपुसणे लाल, आणि अनंतरावांचे तोंड पांढरे.

परंतु यशवंतराव ऐसे धुरंधर की शिकस्त जाहली तरी त्यांची होत नसे. त्यांनी निकाल दिला, "दगड चांगलाच होता. तुमचा हात जड आहे, साडूभाऊ. पुस्तक वाचाचा हात आहे तो." हे बोलणे बाणासारखे लागले, कारण अनंतरावांस स्वतःविषयी नेमका तोच संशय होता. मग त्यांनी बोलणे मागे घेण्याचे पत्र अमरावतीस लिहावयास घेतले आणि मायन्यापाशीच लेखणी अडली.

इतक्यात फाल्गुन सरला, रायपूरचे ऊन तापू लागले, आणि अंतःपुरातून फर्मान सुटले की पुढल्या खोलीच्या कूलरची मोटार जळाली आहे, सबब गॅलरीतील मोटार सोडून द्यावी. अनंतरावांनी आठवड्याची मुदत मागितली. इंदूबाई वदल्या, "घ्या. पन घाम आला का मी कोनाचं ऐकत नाई." तोफखाना जाणार हे ठरले, आणि तेव्हा यशवंतरावांसह अखेरची स्वारी भनपुरीवर निघाली.

भनपुरीस ट्रकांच्या गर्दीत एका गोदामात पिंकी दीदी म्हणून दगडांच्या व्यापारीणबाई होत्या. त्यांचा दरारा मोठा. ट्रकवालेसुद्धा त्यांच्या दारात हॉर्न वाजवीत नसत. त्यांनी टेबलावर मोठे घमेले ठेविले होते, पाण्याने भरलेले, आणि त्यात तामडे, ज्यांस इंग्रजीत गार्नेट म्हणतात ते तांबडे दगड, डाळिंबाच्या दाण्यांप्रमाणे चमकत होते. "बइठो अंकल, पहिले चाय," ऐसा हुकूम जाहला आणि चहा येऊन पोचला. यशवंतराव मागे उभे राहून कपाळावर हात मारते जाहले.

अनंतरावांनी घमेल्यातून एक दगड काढून गुडघ्यावर रुमाल पसरला आणि त्यावर ठेविला. पुसा म्हणण्याची जीभ नव्हतीच. मग त्यांनी चहा बशीत ओतला. बशीवर फुंकर घातली. साय आली ती चमच्याने बाजूस केली, पुन्हा फुंकर घातली, आणि एवढासा घोट घेतला. उघड्या शटरातून भनपुरीची झळ येत होती, आणि बशी अर्धी होईतो रुमालावरचा दगड आपसूक सुकला, आणि त्याच्या पोटातली चीर पांढऱ्या केसासारखी वर आली. अनंतरावांनी दगड मुकाट्याने बाजूस ठेवून दुसरा घेतला आणि पुन्हा बशी उचलली.

दुसरा कप जाहला. तिसरा मागवावा लागला. "अंकल, चाय पी रहे हो कि तपस्या कर रहे हो?" ऐसे पिंकी दीदींनी विचारले. यशवंतरावांनी कानाशी येऊन दटावले, "चला न आता, लोक हसून राहिले." अनंतरावांचे कान लाल जाहले, बशीतला चहा धोतरावर सांडला, परंतु उठणे हेही बोलण्याइतकेच अवघड असल्याने ते बसून राहिले, आणि बसून राहणे यालाच युद्धशास्त्रात वेढा म्हणतात हे त्यांस त्या क्षणी ठाऊक नव्हते.

सुकलेल्या मालाचा ढीग वाढत गेला आणि पिंकी दीदींचे हसू आटत गेले. अखेर तळाचा एक तामडा निघाला, दिसण्यास काळपट, गुळाच्या ढेकळासारखा. तो सुकला. चीर आली नाही. अनंतरावांनी त्यामागे लहान बॅटरी धरली, तेव्हा आत निखारा फुलावा तैसा रंग उजळला, आणि या काठापासून त्या काठापर्यंत कोठे रेघ नाही. पिंकी दीदी बोलल्या, "ये? इससे बढ़िया गीला वाला ले लो ना." यशवंतरावांनीही नाक मुरडले. तेव्हा अनंतरावांनी सबंध मोहिमेतील आपला एकमेव हुकूम काढला. ते म्हणाले, "हाच." घासाघीस न करिता, मागितली ती किंमत मोजून, स्वारी बाहेर पडली. पाठीमागून आवाज आला, "हव, बड़ा पक्का ग्राहक निकला डोकरा!"

परंतु खरे रण पुढेच होते. अस्सल दगड घरात आला, आणि आता फुटला तर दोष दगडावर ढकलण्याची सोय उरली नाही. मुदत संपत आली तरी तामडा टेबलावर तैसाच, आणि अनंतराव त्याच्याकडे पाहून ग्रंथाची पाने उलटीत. अखेर इंदूबाई घाम पुसत पान्हा घेऊन गॅलरीत आल्या आणि म्हणाल्या, "घासता, का खोलू?"

मग लाख तापली. तामडा काडीवर चढला. अनंतरावांनी डोळे मिटले, आणि फुटल्याचा आवाज आला नाही. चाक फिरले, पाणी गढूळ जाहले, काठ झिजले, घुमट वर आला. एका क्षणी हात जड पडला आणि एक अंग किंचित उतरते जाहले. झिलई होऊन खडा हातात आला तेव्हा यशवंतरावांनी तो पाहून तत्काळ निकाल दिला की वाकडा आहे. इंदूबाईंनी खडा तळहातावर घेऊन उन्हात धरला, बराच वेळ पाहिला, आणि पान्हा उचलून मोटार सोडावयास घेतली, जाता जाता इतकेच म्हणाल्या, "यशवंतराव, तुम्ही चहा घ्या अन् गप बसा."

त्याच दिवशी अमरावतीस उत्तर लिहिले गेले, ते ऐसे: "यज्ञेश्वरा, खडा धाडला आहे. एका अंगी वाकडा आहे. दगडात दोष नाही. वाकडेपण माझ्या हाताचे आहे." टपालखिडकीत कारकुनाने विचारले की "अंदर क्या है?" अनंतराव, जे कोणत्याही खिडकीशी वर मान करून बोलत नसत, ते मागल्या रांगेस ऐकू जाईल ऐसे बोलले, "पत्थर है. हमने बनाया है." कारकुनाने खांदे उडविले आणि पार्सलावर शिक्का मारिला. येणेप्रमाणे तामडा फत्ते जाहला आणि उत्तर रवाना जाहले.