नानामास्तरांचं लॅटिन

आमच्या आळीतल्या घरांवर लॅटिन लिहिलेलं होतं, असं सांगितलं की मुंबईची माणसं हसतात. हसोत बापडी. त्यांना नानामास्तरांचा शेजार लाभला नाही.

नानामास्तर मुंबईला कॉलेजात एका पाद्र्यापाशी लॅटिन शिकले. रत्नागिरीच्या शाळेत ते कोण घेणार? जन्मभर गणित शिकवलं, आणि पेन्शन घेतल्यावर साठलेलं सगळं लॅटिन आमच्यावर काढलं. एका दिवाळीला गेरू कालवून आळीभर फिरले नि दारादारांवर इंग्रजी अक्षरांत लिहीत सुटले. कुणी नको म्हटलं की म्हणत, "रोमात असं चालत नसे."

पोस्टात नोकरीला असलेल्या भाडेकरूंच्या दारावर लिहिलं 'इन्क्विलिनुस', म्हणजे भाडेकरू. त्यांच्या बायकोला वाटलं, प्लेगवाल्यांनी घर रिकामं करायची खूण केली. बाई पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन माळावर झोपडी बांधायला निघाल्या. नानांनी गडग्यापाशी गाठून अर्थ सांगितला तेव्हा परतल्या, पण आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

माझ्या दारावर 'डोमुस' होतं. मला कुठलं वाचता येतंय? मास्तरांनी लिहिलंय म्हणजे शुभच असणार, म्हणून मी उंबऱ्याबरोबर त्यालाही रोज हळदकुंकू वाहत होते. ते पाहून नाना पोट धरधरून हसले.

"वहिनी, डोमुस म्हणजे घर हो. पण माणसांसकट. चूल, भांडणं, पाहुणे, सगळं आलं त्यात."

"मग तुमच्याच दारावर का नाही?"

"तिथं माणसं कुठायत? नुसतं छप्पर ते. टेक्टुम."

बायको जाऊन दहा वर्षं झालेली, मूलबाळ नाही, एकटेच पेज रांधायचे. सगळं ठाऊक असून मला त्यांचा रागच आला. रोज संध्याकाळी माझ्या ओटीवर बसून माझ्या पोरांची गणितं तपासणारा माणूस, आणि म्हणे नुसतं छप्पर.

दुसऱ्या दिवशी ते वाचनालयात गेले, तशी मी गेरू कालवला. आमच्या दारावरचं बघून बघून त्यांच्या दारावर उतरवलं, वर हळदकुंकू लावलं, त्यांच्याच चुलीवर आमटीभात केला नि पोरांना पानावर बसवलं.

नाना आले, ते दारातच थांबले. आत पोरं पापडावरून भांडत होती.

"वहिनी, अक्षरं सगळी वाकडी आलीत."

"पुसू काय?"

नानांनी उपरण्यानं डोळे टिपले.

"असू दे. रोमात चालत असे," म्हणाले, आणि पोरांच्या पंगतीत जाऊन बसले.