काउंटी रोड एनवरची ओळखपरेड

एखाद्या गोष्टीचं अचूक नाव ठाऊक नसताना तिच्यावर प्रेम करणं हा बेजबाबदारपणा आहे. ओस्टर्बी काउंटी रानफूल मंडळाचा हा पहिला ठराव, आणि तो एकमताने मंजूर झाला. (आमचे सगळेच ठराव एकमताने मंजूर होतात. विस्कॉन्सिनच्या या भागात कोणाला 'तुमचं चुकतंय' म्हणणं असभ्य समजतात. अगदीच राहवलं नाही तर 'हे जरा वेगळं आहे हं' असं म्हणून त्याच्या कपात कॉफी ओततात.)

ब्लेझिंग स्टार हे फूल ओळखायला फार सोपं. कमरेइतकी सरळ दांडी, तिला जांभळे गोंडे, आणि तेही वरून खाली फुलत येणारे. लहान मूल ओळखतं, फुलपाखरूही ओळखतं. शास्त्र त्यानंतर सुरू होतं. आमच्याकडे याच्या चार जाती आहेत: खरबरीत, कुरणी, माळरानी आणि दाट. त्या वेगळ्या करायच्या तर गोंड्याच्या बुडाशी असलेली खवलं भिंगातून पाहायची. कड चुरगळलेली असेल तर खरबरीत, फाटकी असेल तर कुरणी, टोक बाहेर वळलेलं असेल तर माळरानी, आणि खवलं निमूटपणे चिकटून बसलेली असतील तर दाट. वारा सुटला की (तो वर्षातले ३४० दिवस सुटलेला असतो) चारही जाती सारख्याच हलतात.

काउंटी रोड एनच्या कडेला या फुलांचा साठ पावलांचा पट्टा होता. समोर व्हर्नाबाई टॉलेफ्सन राहतात, वय त्र्याऐंशी. गुडघ्यांमुळे त्यांचं जग पत्रपेटीपर्यंत येऊन थांबलेलं. ऑगस्टमध्ये दक्षिणेकडे निघालेली मोनार्क फुलपाखरं त्या पट्ट्यावर उतरतात, आणि व्हर्नाबाई पत्रपेटीपाशी खुर्ची टाकून बसतात. वर्षभरात त्यांनी स्वतःसाठी मागितलेली गोष्ट एवढीच.

यंदा रस्ते खात्याने कडेचं गवत कापायची तारीख जाहीर केली: गुरुवार, बारा ऑगस्ट. संरक्षित यादीतल्या वनस्पतीचं नाव अर्जात भरलं, तर पट्ट्याला सूट मिळणार होती. आमच्या चारही जाती यादीत आहेत. अर्जात नावासाठी रकाना एक.

चर्चच्या तळघरात मंडळाची तातडीची सभा झाली. अध्यक्ष मिल्टन हाउगे (शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त) यांनी कुरणी जात सुचवली. ठराव ९ विरुद्ध ० ने मंजूर. मग ग्रंथपाल लोइस प्रुख्नो म्हणाल्या की मिल्टन यांचं अगदी बरोबर आहे, फक्त त्यांना स्वतःला कड चुरगळलेली दिसली. खरबरीत, ९ विरुद्ध ०. अनुमोदन मिल्टन यांचं. रुबार्बच्या वड्या येईपर्यंत चारही जाती मंजूर झाल्या होत्या. एकूण बाजूने छत्तीस मतं, विरोधात शून्य. एवढी एकजूट आमच्या काउंटीने यापूर्वी फक्त चीजच्या बाबतीत दाखवली आहे.

व्हर्नाबाई पुतणीच्या गाडीतून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी हात वर केला.

"मिल्टन, चारही नावं यादीत आहेत ना?"

"आहेत."

"मग त्यातलं कुठलंही एक लिही की रे."

"व्हर्नाबाई, सरकारी कागदावर चुकीचं नाव कसं लिहायचं?"

"हे जरा वेगळं आहे हं," असं म्हणत लोइस यांनी व्हर्नाबाईंचा कप भरला. मग कोणीतरी हळूच म्हणालं की हा दोन जातींचा संकरही असू शकेल. अर्जात संकराला रकाना नव्हता. नऊच्या नऊ जणांची उपसमिती नेमण्यात आली.

गुरुवारी सकाळी गवत कापणारा डेल ट्रॅक्टर घेऊन आला, तेव्हा उपसमिती गुडघ्यांवर बसून भिंगातून पाहत होती. वारा होताच. डेलने इंजिन बंद केलं, खात्याकडून आणलेला कोरा अर्ज बॉनेटवर पसरला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"एक नाव टाका, मी वळसा घालून जातो. खवलं मोजायला कोणी येत नाही."

तो चाळीस मिनिटं थांबला. एवढं कोणी थांबत नाही. समोर व्हर्नाबाई खुर्चीत होत्या, पट्ट्यावर फुलपाखरं होती आणि पेन माझ्या हातात होतं. पण मी मंडळाचा सचिव, ठरावाशिवाय लिहीत नाही. मला त्याची लाज वाटते. इतिवृत्तात लाजेसाठी जागा नसते, म्हणून इथे नोंदवतो.

"मला अजून नऊ मैल कापायचेत," असं म्हणून डेल ट्रॅक्टरवर चढला. व्हर्नाबाई खुर्चीतून उठल्या. त्यांना तसं चटकन उठता येत नाही.

कापणीचा शास्त्राला फारच फायदा झाला. आडव्या पडलेल्या दांड्या वाऱ्याने हलत नाहीत. पंधरा मिनिटांत जात पक्की ठरली, ९ विरुद्ध ०, आणि या वेळी ठराव एकच होता. तिथे आता लॅटिन नावाची पाटी आहे. लोक गाडी थांबवून तिचे फोटो काढतात.

ही हकिगत मी आजवर पुष्कळांना सांगितली. सगळे मनापासून हळहळतात आणि मग विचारतात, "शेवटी जात कुठली निघाली?" तुम्हीही मघापासून तेच विचारायच्या बेतात आहात. जरूर या, मंडळात तुमच्यासाठी जागा आहे. व्हर्नाबाईंचं पुढे काय झालं असं विचारणारा सदस्य आम्हाला अजून मिळालेला नाही.