हसरा बगळा यांची सक्तीची रजा

ऑपरेटरची चार दिवसांची रजा मंजूर झाली. नंतर कागदपत्रं तपासली असता अशी कोणतीही रजा मंजूर झाली नसल्याचं निदर्शनास आलं. सबब, आपणही ती झालीच नाही असं धरून चालू.

दाखले कार्यालयात ऑपरेटरचं काम एकच. तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या गार खोलीत बसून सर्व्हर सांभाळायचा. सर्व्हरच्या पोटात सात कंटेनर होते. कंटेनर म्हणजे बंद डबा; आत एक प्रोग्राम, जन्मभर एकच काम करणारा. एक अर्ज घ्यायचा, एक टोकन द्यायचा, एक दाखला छापायचा, असं. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप केली की डबा सुरू, दुसरी केली की बंद, तिसरी केली की त्याचं नामोनिशाण गायब. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसते आदेश. साहेबांना ही पद्धत फार भावली होती. आदेश दिला की तो लगेच पाळला जातो, हे दृश्य त्यांनी एकतीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच पाहिलं.

म्हणून त्यांनी चालू कंटेनरांची यादी रोज सकाळी टेबलावर मागवायला सुरुवात केली. यादीत नाव, स्थिती आणि किती दिवसांपासून चालू, असे रकाने. नावं ऑपरेटरने दिलेली नव्हती. आपण नाव ठेवायचा कंटाळा केला तर प्रणाली स्वतःच कुठलेतरी दोन शब्द जोडून बारसं उरकते. टोकनवाल्या डब्याचं नाव तिने 'हसरा बगळा' ठेवलं होतं. एके दिवशी ही यादी आस्थापना शाखेत गेली. तिथल्या बाईंनी रकाने पाहिले. ते हजेरीपटाशी तंतोतंत जुळत होते. बाईंनी सातही जणांना पटावर घेतलं. नाव हसरा, आडनाव बगळा.

आणि नेमकं त्याच आठवड्यात ऑपरेटरच्या बाबांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं. गुरुवारी सकाळी. पोरगा समोर दिसल्याशिवाय आपण टेबलावर आडवं होणार नाही, असं बाबांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं होतं. ऑपरेटर अर्ज घेऊन साहेबांकडे गेला.

"चार दिवस?" साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, हे बगळे बघा. चारशे बारा दिवस सलग हजर. एकदा जागेवरून उठलेले नाहीत."

"साहेब, तो कंटेनर आहे."

"म्हणून काय झालं? काम करतोय ना?"

शेजारी फाईल घेऊन उभ्या असलेल्या बाईंचा चेहरा पडला. "साहेब, चारशे बारा दिवसांत एक रजा नाही? तपासणीत आक्षेप येईल. यांना सक्तीच्या रजेवर पाठवावं लागेल."

ऑपरेटर कंत्राटी होता. कंत्राटी माणसाला सेवापुस्तक नसतं, आणि सेवापुस्तकच नाही तर रजा लिहायची कशात? बगळ्यांचं सेवापुस्तक मात्र बाईंनी कव्हर घालून ठेवलं होतं. अर्ज तयार होता, तारखा घातलेल्या होत्या. फक्त वरचं नाव खोडून दुसरं लिहिलं. कारणाच्या रकान्यात 'वडिलांचे ऑपरेशन' तसंच राहिलं.

"साहेब, वडील माझे आहेत."

"असू द्या हो. बगळ्यांना वडील कुठे आहेत?"

सोमवारी ऑपरेटरने एक ओळ टाइप करून बगळ्यांना बंद केलं आणि, रजेवरच्याचा कार्यभार कोणीतरी घ्यावाच लागतो म्हणून, तो स्वतःकडे घेतला. म्हणजे वर टोकनच्या खिडकीशी बसून कागदाच्या चिठोऱ्यांवर हाताने टोकन लिहू लागला. बगळे सेकंदाला दोनशे टोकन द्यायचे. ऑपरेटर मिनिटाला तीन. साहेब मागे उभे राहून थोडा वेळ बघत होते. "बगळ्यांची सर नाही," एवढंच म्हणून गेले.

दुपारी ताईचा फोन आला. "बाळ्या, निघालास का?"

"ताई, रजा मिळाली. पण मला नाही."

"मग कोणाला?"

"कंटेनरला."

"बंदरावर असतात त्या पत्र्याच्या पेट्या?"

"त्या नाही. दुसऱ्या."

"मग त्याला तरी पाठव. बाबांना चष्म्याशिवाय कुठे काय दिसतंय."

मंगळवारी वीज गेली आणि परत आली. सर्व्हर उठला की सगळे डबे आपोआप उठतात. तशी सोय ऑपरेटरनेच नोकरीच्या पहिल्या दिवशी, उत्साहाच्या भरात, करून ठेवली होती. अकरा वाजून सात मिनिटांनी हसरा बगळा कामावर हजर झाले. रजा संपायच्या आत, रुजू अहवाल न देता, विनापरवानगी. असला गुन्हा कार्यालयात आजवर कोणी केलेला नसल्यामुळे तो अतिशय गंभीर ठरला.

बाईंनी कारणे दाखवा नोटीस काढली. "त्यांच्या भाषेत बजावा," साहेब म्हणाले. ऑपरेटरने निमूटपणे नोटीस काळ्या पडद्यावर टाइप केली. पडद्यावर उत्तर उमटलं, असा कोणताही आदेश अस्तित्वात नाही.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या. "वर तोंड करून बोलतात."

"साहेब," ऑपरेटर काकुळतीला आला, "मी याला काढून टाकतो आणि हुबेहूब नवीन उभा करतो. तीन सेकंद लागतील. मग संध्याकाळची गाडी पकडतो."

साहेबांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला.

"तीन सेकंदांत बडतर्फी आणि भरती?" बाईंनी विचारलं. "जाहिरात? मुलाखत? वैद्यकीय तपासणी?"

"आणि बचावाची संधी?" साहेब म्हणाले. "आपण काय रानटी आहोत?"

संधी द्यायचं ठरलं. बगळ्यांना निलंबित करून विभागीय चौकशी गुरुवारी सकाळी लावली. बचाव सहायक म्हणून, आरोपीची भाषा येणारा एकमेव माणूस या नात्याने, ऑपरेटरची नेमणूक झाली.

बुधवारी ऑपरेटरने दुसरा अर्ज दिला. अर्जदारास कंटेनर समजण्यात यावे. अर्जदार बंद खोलीत राहतो, एकच काम करतो, आणि त्याच्या जागी तीन सेकंदांत दुसरा उभा करता येतो, असं त्याला कंत्राटाच्या दर नूतनीकरणाच्या वेळी तोंडी कळविण्यात आलेलं आहे. सबब त्याला चार दिवस बंद करावे. पुन्हा सुरू होण्याची जबाबदारी अर्जदाराची राहील.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. "मुद्देसूद आहे," ते म्हणाले. "पण नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतील."

तासाभराने बाई यादी घेऊन आल्या. सहाशे अठरा हरकती.

"एका तासात?"

"जुन्याही धरल्या."

खिडकीशी उभं राहून 'इथली माणसं कधी जागेवर सापडतात का?' असं जो जो बोलला, त्याची तोंडी हरकत बाईंनी वेळच्या वेळी नोंदवून ठेवली होती. वाचकहो, चारशे सदतिसाव्या क्रमांकावर तुम्ही आहात. वेळ दुपारी बारा चाळीस. 'फाईल काउंटरवर आपटली' असा शेराही आहे. हरकत मागे घेता येते. त्यासाठी हसरा बगळा यांच्याकडून टोकन घेऊन समक्ष यावं लागेल, आणि ते सध्या निलंबित आहेत.

साहेब माणूस म्हणून मात्र वाईट नव्हते. ऑपरेटरचा चेहरा त्यांना बघवेना. त्यांनी तिथल्या तिथे रुग्णालयाला पत्र सांगितलं, आणि टाइप करायला दुसरं कोणी जागेवर नसल्यामुळे ते ऑपरेटरनेच टाइप केलं:

'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सदर रुग्णाचे चिरंजीव कार्यालयीन कामात व्यग्र आहेत. तरी आपणांस विनंती की, पुढील आदेश होईपर्यंत रुग्णाचे हृदय आहे त्या स्थितीत चालू ठेवण्यात यावे.'