अनसूयाबाईंची ठुशी आणि आरेत्सोचा बोकड

बाळांनो, एका जंगलात सगळ्यांनाच सोन्याची भारी हौस. त्याच जंगलात भिकोबा नावाचं एक म्हातारं साळिंदर सोनारकाम करायचं. पण त्याच्याकडे कुणी फिरकत नसे. "दागिने गावठी असतात हो त्याचे," म्हणत. दुकान मोडून मोबाईलची कव्हरं विकावीत, असं बिचाऱ्याच्या मनात घोळू लागलं होतं.

एकदा अनसूयाबाई अस्वलीण इटलीच्या सहलीला निघाल्या. तिथे आरेत्सो नावाचं छोटं शहर आहे. नाव मोठ्यानं म्हणून पाहा, जमतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे सोनारकाम चालतं.

बाईंच्या गळ्यात भिकोबानं घडवलेली ठुशी होती. सासूबाईंनी हौसेनं घातलेली, त्यामुळे काढायची सोय नव्हती. बाईंनी विमानातच ती मफलरखाली दडवली.

आरेत्सोच्या एका उताराच्या गल्लीत म्हाताऱ्या बोकडाचं दुकान होतं.

"काहीतरी खास इटालियन दाखवा," बाई इंग्रजीत म्हणाल्या, आणि बोकडानं काढलेला हार लावून बघायला त्यांनी मफलर सोडला.

बोकडानं हार बाजूला ठेवला. डोळ्याला भिंग लावून तो ठुशीच बघत राहिला.

"सांधा कुठेच दिसत नाही! कुणी केली?"

"आहे आमच्याकडचा एक," बाई पुटपुटल्या.

"चाळीस वर्षांत मला असा मणी जमला नाही. पत्ता द्या. मी शिकायला येतो."

बाईंना आधी लाज वाटली, मग अभिमान वाटला. मग पत्ता आठवेना. भिकोबाचं दुकान त्यांच्या घरामागच्याच गल्लीत होतं.

बोकड विचारत विचारत खरंच आला. इटलीचा सोनार बघायला दुकानापुढे ही गर्दी! आत दोघे म्हातारे शेजारी बसले होते. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. भिकोबा करून दाखवी, बोकड मान डोलावी. चौथ्या दिवशी बोकडाला पहिला मणी साधला, तेव्हा भिकोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच्याकडे शिकायला आजवर कुणी आलंच नव्हतं.

आता सगळ्यांनाच ठुशी हवी झाली. रांगेत कोल्हीणबाई पहिल्या.

"मला बोकडाच्या हातचीच द्या."

"अहो, तो अजून शिकतोय," भिकोबा म्हणाला. "त्याचे मणी वाकडे येतात."

"येऊ देत की! इटालियन वाकडे आहेत ना?"

भिकोबानं बोकडाकडे पाहिलं. बोकडाला काही कळलं नाही. भिकोबा पोट धरून हसला आणि वाकड्या मण्यांची वाटी पुढे सरकवली.

तात्पर्य : आपल्या गल्लीतला कारागीर गुणी आहे हे कळायला पासपोर्ट लागतो. तो काढूनही कळेलच असं नाही; पण सहल छान होते.