चाकांवरची टपरी

घानातल्या आमच्या कुमासी शहरात सकाळचा उजेड घाईत नसतो. आधी तो लॉरीतळामागच्या टेकडीवर थबकतो, मग लाकूडवखारींची गंजलेली छपरं एकेक करून तांबूस करतो, लापशी विकणाऱ्या बाईच्या पातेल्यावरच्या वाफेत क्षणभर अडकतो, आणि सगळ्यांचं झाल्यावर माझ्या टपरीपाशी येतो. तिथे नगरसभेने लाल रंगात लिहिलेला 'हटवा' हा एकच शब्द तो सावकाश वाचतो.

माझा धंदा लवचीक आहे. दीर्घकालीन योजना आखणे हा बाजाराचा अपमान होय, असं माझं नम्र मत आहे. म्हणून टपरीला चार चाकं आणि पाटीच्या जागी खडूने लिहायची फळी. ढग आले की छत्र्या, वीज गेली की मेणबत्त्या, कुणी वारलं की काळं कापड. परवाना तात्पुरत्या बांधकामाचा, तीन महिन्यांचा. तो नऊ वर्षं चालू आहे.

"ओफोसू," परवाना खात्याचे बोआतेंग साहेब म्हणाले, "आणखी किती वर्षं तात्पुरता राहणार, त्याचा पंचवार्षिक आराखडा जोड. नाहीतर सोमवारी टपरी हलवतो."

"साहेब, आराखडा असला तर मी तात्पुरता कसला?"

"ते परिशिष्टात लिही."

लवचीकपणा शेजारच्या सेरवाला मात्र उमगत नसे. ती कपडे शिवते, आणि पुढच्या ईस्टरची मापं आत्ताच घेऊन ठेवते. आमच्याकडे मुलाचे मामा श्नॅप्स दारूची बाटली घेऊन मुलीच्या घरचं दार ठोठावतात. त्याशिवाय मागणी होत नाही. तिच्यासाठी ती बाटली मी दोनदा आणली. दोन्ही वेळा गिऱ्हाईक आलं. बाजाराला नाही कसं म्हणायचं?

"तुझे मामा येणार कधी?" तिने विचारलं.

"बघू. परिस्थिती पाहून."

"परिस्थिती इथे बसून काजं करतेय. सुन्यानी गावच्या एका मास्तराकडून विचारणा आलीय. रविवारपर्यंत थांबते. पुढे आईला मी अडवणार नाही."

शनिवारी मी तिसरी बाटली आणली, पुसून वरच्या फळीवर ठेवली. मामांना निरोप धाडला नाही. माणसाला आधीपासून बांधून घेणं बरं नव्हे. रविवारी सकाळी, अंगावर भारी कापड पांघरलेले एक वयस्कर गृहस्थ धापा टाकत आले.

"पोरा, आमची बाटली बसमध्ये फुटली बघ. श्नॅप्स आहे का रे?"

"एकच आहे."

"देवानेच ठेवलीय म्हणायची. भाच्याचं काम आहे. आणि ती शिवणकाम करणारी मुलगी, तिचं घर कुठलं?"

"हिरवं दार," मी म्हणालो, आणि बाटली कागदात नीट गुंडाळून दिली. भाव दुप्पट मिळाला.

हसू नका. 'सध्यापुरती' म्हणून आणलेली एखादी खुर्ची तुमच्याही घरी वीस वर्षं बसून असेल.

सोमवारी तोच उजेड सगळ्यांना भेटून माझ्याकडे आला. त्याच्या मागोमाग बोआतेंग साहेब, चार माणसं घेऊन. त्यांनी टपरी ढकलायला घेतली. ती तसूभरही सरकेना. चाकं मातीत निम्मी बुडाली होती, आणि एकातून पपईचं रोप वर आलं होतं. शेजारी सेरवाचं मशीन बंद होतं.

"नोंदीला लागतं," साहेबांनी पेन काढलं. "शेवटची कधी हलवली होतीस?"

"कधीच नाही," मी म्हणालो.