चपलांची रांग

ज्येष्ठ नागरिकांना ओपीडीत फार ताटकळावं लागतं, अशी शहरातल्या एका सरकारी दवाखान्याबद्दलची तक्रार वरपर्यंत गेली. वरून ‘प्रतीक्षाकाळ तातडीने कमी करण्यात यावा’ असा आदेश आला. डॉक्टर वाढवण्याचा उल्लेख आदेशात नसल्यामुळं समिती नेमण्यात आली.

समितीनं प्रत्यक्ष पाहणी केली. म्हातारी माणसं सकाळी आपापल्या चपला खिडकीसमोर रांगेत मांडतात आणि स्वतः लिंबाखाली गप्पा हाणत बसतात, असं तिला आढळलं. म्हणजे ताटकळतात त्या चपला. रुग्णांचा प्रतीक्षाकाळ शून्य ठरला, तसा फलक दाराशी लागला आणि समितीला शाल-नारळही मिळाला.

चपलांना एकदा मान्यता दिली म्हटल्यावर नियम आलेच. जोडीतली एकच चप्पल असेल तर रुग्ण गैरहजर. टाच झिजलेली असेल तरच ज्येष्ठांची रांग. वैजापूरच्या एका आजोबांना लेकानं कौतुकानं नवीकोरी चप्पल घेतली होती. ते बिचारे तरुणांत गेले.

अशात खुलताबादकडच्या कडूबाई आल्या. साखरेच्या आजारानं पायाला जखम झालेली, अंगठा काळा पडू लागलेला. आजच्या आज दाखवलं नाही तर अंगठा जाईल, असं गावच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. पायाला फडकं गुंडाळून त्या अनवाणीच आल्या होत्या.

शिपाई रामकिसननं आधी रांगेकडं पाहिलं, मग त्यांच्या पायाकडं. “मावशी, चप्पल कुठंय तुमची?”

“पाय लई सुजलाय बाबा. चपलंत शिरना, म्हणून तर आले.”

“मग तुम्ही रांगेत नाय. असं करा, पाय बरा झाला की चप्पल घालून या.”

शेवटी कडूबाईंचे मालक अप्पाराव यांनी आपली चप्पल लावली. ती पुरुषांत धरली गेली. नंबर आल्यावर डॉक्टरांनी अप्पारावांचाच अंगठा तपासून ‘उत्तम’ असा शेरा मारला. बायकोचा बघा म्हटल्यावर, त्यांची चप्पल आली की बघू, असं सौजन्यानं सांगितलं. ओपीडी बंद व्हायला आता थोडाच वेळ उरला होता.

कडूबाई लंगडत लिंबाखाली आल्या. “घडीभर एक जोड द्या गं माय कुणी. अंगठा चाललाय माझा.”

सगळे फार हळहळले. सिस्टीमच सडलीय, यावर एकमत झालं. तुम्हीही होतात तिथं. सगळ्यांत मोठ्यानं तुम्हीच चुकचुकलात, आणि मग उठून आपली चप्पल बोटभर पुढं सरकवलीत.