भिंत पडली, नाशपाती उभी

नॉर्मंडीतल्या त्या गावात फिर्मांइतका शिस्तीचा माळी दुसरा नाही, असं निदान फिर्मांचं तरी ठाम मत होतं. अंगण घोंगडीएवढं. त्यात त्याने नाशपातीचं झाड लोखंडी खांबांमधल्या तारांना बांधून वाढवलं होतं. फांद्या दोन्हीकडे सरळ आडव्या, भिंतीलगत, इस्त्री फिरवल्यासारख्या सपाट.

"या घरात माझं ऐकणारं हे एकच," तो बायकोला म्हणायचा.

"त्याला तोंड नाही म्हणून," सोलांज म्हणायची.

त्या रविवारी बागमंडळाच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते, आणि ऐन सकाळी वरची एक फांदी चार बोटं पुढे आलेली दिसली.

"राहू दे. पाहुणे कोण आले ते बघतेय बिचारी," सोलांज म्हणाली.

पण फिर्मांने फांदी मागे बांधायला भलामोठा खिळा काढला आणि जुन्या मातीच्या भिंतीत ठोकला. खिळा आत गेला. त्यामागून हातोडी गेली. मग भिंतीने पोट सोडलं आणि ती सगळीच्या सगळी पलीकडे, शेजारच्या ह्युगेतबाईंच्या कोबीवर आडवी झाली.

धूळ बसली. झाड तारांवर जसंच्या तसं. पलीकडे ह्युगेतबाई केसांना रोलर लावून, गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून, कॉफीचा वाडगा धरून बसलेल्या. आपल्याकडे डोकावणाऱ्या फांद्या हा माणूस छाटून टाकतो, म्हणून गेली दोन वर्षं त्यांनी त्याच्याशी अबोला धरला होता.

"फिर्मां," त्या म्हणाल्या, "पुढे दार आहे माझ्या घराला."

तेवढ्यात परीक्षक आले. मुख्य परीक्षक झाडाच्या या अंगाला थांबले, मग ढिगारा ओलांडून त्या अंगाला गेले.

"भिंतच नाही! म्हणजे ऊन दोन्हीकडून," ते म्हणाले. "कल्पना कुणाची?"

फिर्मांने चेपलेल्या कोबीकडे पाहिलं.

"आम्हा दोघांची," ह्युगेतबाई घमेल्यातून म्हणाल्या.

पहिलं बक्षीस दोघांना मिळून मिळालं. संध्याकाळी फिर्मां टोपलीभर कोबी घेऊन त्यांच्याकडे गेला, पुढच्या दाराने.

आता सोलांज आणि ह्युगेतबाई झाडाच्या दोन अंगांना खुर्च्या टाकून बसतात आणि कात्री घेऊन मध्ये उभ्या असलेल्या फिर्मांबद्दल, त्याच्याच डोक्यावरून, मनसोक्त बोलतात. त्याने गवंड्याचं नाव काढलं, की दोघींनाही एकदम कमी ऐकू येतं.